भाऊंच्या ट्रकचे दिवे

भाऊंना उजवीकडे बघायचं असलं की ते नुसती मान वळवत नसत, खांद्यासकट वळत. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच, आणि छातीपासून वरचा माणूस खिडकीकडे. नागेपल्लीच्या वळणावर, अहेरीच्या चौकात, शाळेच्या फाटकातून निघताना, दर वेळी. आम्ही मागे बसून त्यांची नक्कल करायचो. सगळी व्हॅन एकदम उजवीकडे वळायची आणि एकदम हसायची. भाऊ आरशात बघून म्हणायचे, "हासा, हासा. मान मोडली तं चालते. गाडी मोडली तं नाई चालत."

सवय लाकडाच्या ट्रकवरची होती. व्हॅन घेण्याआधी ते आलापल्लीच्या डेपोतून सागाचे लठ्ठे भरून बल्लारशाला नेत. जंगलातल्या रस्त्यावर फांद्या लागून आरसे तुटत, आणि मालक नवे बसवत नसे. म्हणून भाऊ आरशावर विसंबायला शिकलेच नाहीत. गावात या वळण्याचं कौतुक होतं. लेकरू शाळेला पाठवायचं तर भाऊंच्या व्हॅनमधून, असं आया एकमेकींना सांगत. माझ्या आईनेही तेच ऐकून मला त्यांच्या व्हॅनमध्ये बसवलं होतं, पहिलीत. दहावीपर्यंत मी त्याच सीटवर बसले, ड्रायव्हरच्या बरोबर मागे.

गेल्या हिवाळ्यात ते सिरोंच्याला लेकीकडे वारले. मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. मी मेसेज वाचला, फोन उलटा ठेवला आणि समोर बसलेल्या नववीच्या मुलीला गणित पुढे शिकवलं. उत्तर बरोबर आलं.

दहा वर्षांत मी भाऊंशी फारसं बोलले नसेन. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी बोली वेगळी, व्हॅनमध्ये आणखी वेगळी, आणि तिन्हींत तोंड उघडायला मला वेळ लागायचा. कुणी चिडवलं, "भाऊ, हिले बोलता नाई येत," की भाऊ म्हणायचे, "जो बोलत नाई त्याले ऐकू जास्त येते. तू चूप बस, तं तुलेही येईन." एवढंच. मला बोलतं करायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. ते पुढे बघून गाडी चालवत आणि मी त्यांच्या मानेमागचे पांढरे होत जाणारे केस बघत असे.

दोन वर्षांपूर्वी माझी पुण्यातली नोकरी सुटली आणि मी परत आले. आश्रमशाळेत शिक्षक असलेल्या बाबांनी काही विचारलं नाही. आई दोन वेळा विचारून थांबली. मी सकाळी उठायचे, चहा प्यायचे, खिडकीशी बसायचे. रस्त्यावरून लोहखनिजाचे ट्रक जात आणि आमच्या कुंपणावरची लाल धूळ थोडी जाड होई. असे आठ महिने गेले. मग चैत्रात एका दुपारी भाऊ काखेत खोका घेऊन अंगणात आले.

"जयभीम, गुरुजी. पोरगी आहे का घरी? इंजिनिअर बाईंचं काम होतं."

खोक्यात ट्रक होता. जावयाने ऑनलाइन मागवून दिलेला, रिमोटवर चालणारा, दोन फूट लांब. मूळच्या प्लास्टिकच्या ट्रकला कुठल्यातरी परदेशी गाडीचं तोंड होतं. ते काढून भाऊंनी त्याच चाकांवर स्वतःचा जुना ट्रक बांधला होता. सुताराकडून आणलेल्या सागाच्या तुकड्यांची बॉडी, तेलाच्या डब्याच्या पत्र्याची केबिन, मागे सुतळीच्या साखळीवर लटकणारा फाळका. फुटाला एक इंच, हे माप त्यांनी कुठेही सोडलं नव्हतं.

"माया गाडीचा फाळका साडेसात फूट होता. म्हणून हा साडेसात इंच. आठ केला असता तं ते खेळणं झालं असतं."

बाबा हसले. "आता काय आहे मग?"

"गाडी आहे, गुरुजी. तुमच्या मोटरसायकलीपेक्षा याचं अ‍ॅव्हरेज चांगलं आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "याले लाइट लावून दे. समोर दोन, मागं दोन लाल, वळाचे चार, अन् बाजूले तीन तीन. बिनालाइटची गाडी रस्त्यावर आणू नये. लहान असो का मोठी."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला जास्त शब्द लागले असते.

काम सोपं होतं. कॉलेजच्या प्रोजेक्टमधले एलईडी माझ्याकडे डब्यात पडून होते, मुगाच्या दाण्याएवढे. तीन पेन्सिल सेलचा डबा, एक बटण, प्रत्येक दिव्याला आपापला रेझिस्टर. लांब पाय प्लसला, आखूड मायनसला, हे एकदा कळलं की पुढे फक्त चिकाटी. तरी भाऊ रोज दुपारी व्हॅन लावून यायचे आणि समोर बसायचे. हेडलाइटमागे चकाकी हवी म्हणून त्यांनी आपल्या बीपीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट आणलं. त्याची चांदी कापून मी वाटी केली. नारिंगी दिवे अहेरीत मिळाले नाहीत, म्हणून पांढऱ्यांवर संत्रागोळीचा कागद गुंडाळला. पत्र्याच्या फटींतून उजेड पाझरत होता, तिथे आतून काळं नेलपॉलिश लावलं.

"हे तुयं आहे?"

"आईचं."

"गुरुजीच्या घरी काळं नेलपॉलिश," भाऊ म्हणाले आणि बराच वेळ हसले. आई आतून म्हणाली, "भाऊ, ते नजर लागू नये म्हणून पायाच्या नखाले लावते मी." ते आणखी हसले. मीही थोडी हसले असेन. त्या महिन्यांत मी हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

भाऊंना दिव्याबद्दल सगळं ठाम ठाऊक होतं. डोळ्यात जाणारा दिवा लावणारा ड्रायव्हर हलकट, मागचा लाल दिवा न लावणारा त्याहून हलकट. "समोरचा दिवा आपल्यासाठी असते. मागचा दुसऱ्यासाठी. लोक समोरचा नवा घेतात अन् मागचा फुटला तं फुटला." हेडलाइट थोडे खाली झुकवून बसवायला त्यांनीच लावलं. मी सोल्डर करताना ते श्वास रोखून बघत, आणि सांधा चमकला की म्हणत, "जमलं."

पाचव्या दिवशी दिवे लागले. ऊन उतरलं होतं, अंगणात घराची सावली आली होती. भाऊ ओट्यावर मधोमध उभे राहिले, दोन्ही हातांत रिमोट, मान ताठ. ट्रक डावीकडच्या तुरीच्या काड्यांच्या ढिगापासून निघाला, अंगण कापत उजवीकडे नळाच्या दिशेने आला. सगळे दिवे लागलेले. खरंच ट्रक वाटत होता.

अंगणाच्या मध्यापासून तो थोडा पुढे गेला आणि भाऊ म्हणाले, "गेले."

"काय गेलं?"

"लाइट गेले ना! वायर सुटली."

मी बघितलं. दिवे चालू होते. नळाजवळच्या ओल्या फरशीवर त्यांचा लाल उजेडही पडला होता. मी काही म्हणायच्या आत भाऊ खांद्यासकट उजवीकडे वळले. "आले. पाह्य, आले." त्यांनी ट्रक डावीकडे नेला, परत आणला. मध्याच्या पुढे गेल्यावर पुन्हा, "गेले." तिसऱ्यांदाही तसंच, त्याच जागी.

"सोल्डर कच्चं आहे तुयं," ते म्हणाले. रागाने नाही, मिस्त्रीने हाताखालच्याला सांगावं तसं. "हादरा बसला की सुटते अन् लागते. असं होते. माया गाडीले एकदा वर्षभर होतं."

मी म्हणाले, "हो. कच्चं असेल."

मी ट्रक उलटा केला आणि चांगला पक्का सांधा उकलून पुन्हा जोडला. हात चालत होते. सेल काढले, घातले, बटण दाबलं. भाऊ शेजारी बसून बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

त्या रात्री फोनवर मी वाचलं. काचबिंदूत दुखत नाही. बाजूचं दिसणं आधी जातं, समोरचं राहतं, आणि जे दिसत नाही ते दिसत नाही हेही माणसाला कळत नाही. एवढं वाचून मी फोन बंद केला. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात. समोरून येणारं सगळं उजवीकडून येतं. आलापल्ली ते अहेरी रस्त्यावर उजवीकडून खनिजाचे ट्रक येतात. व्हॅनमध्ये सात मुलं होती.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. वाक्य मनात आधी इंग्रजीत तयार झालं, मग मराठीत. दोन्ही बरोबर होती. पण ज्या माणसाला गावात फक्त गाडीमुळे ओळखतात, त्याला तोंडावर 'तुम्हाला दिसत नाही' असं म्हणायचं कसं, हे कुठल्याच भाषेत मला येत नव्हतं. मी डॉक्टर नव्हते. माझी चूकही असेल. भाऊ आले, बसले, म्हणाले, "काय, इंजिनिअर बाई, झालं का पक्कं?" आणि मी खाट उचलून उजव्या भिंतीला लावली.

"इथी बसून चालवा, भाऊ. इथून सावली आहे."

आता सगळं अंगण त्यांच्या डावीकडे होतं. ट्रक कुठेही गेला तरी दिवे विझत नव्हते. भाऊ खूश झाले. "आता जमलं. आता हात बसला तुया." मग मी आणखी दिवे लावले. छतावर चार, बंपरवर दोन. अंगणाबाहेर गेला तरी तो त्यांना दिसावा म्हणून. ते दिवे मी कशाला लावते आहे हे मला माहीत होतं. मी लावत राहिले.

असे अकरा दिवस गेले. सकाळी साडेसहाला व्हॅन आमच्या दारावरून जायची. मी खिडकीतून डोकी मोजायचे, सात. दुपारी परत यायची तेव्हा पुन्हा मोजायचे. सात असली की खिडकीपासून बाजूला व्हायचे. भीती वाटायची असं मला म्हणता येणार नाही. काहीच वाटत नव्हतं.

बाराव्या दिवशी मला सकाळीच अहेरीला जायचं होतं. भाऊ म्हणाले, "बस ना समोर. ऑटोची काय वाट पाह्यतं?" मी त्यांच्या डावीकडे बसले. मागे मुलं पाढे म्हणत होती, इंग्रजीत, ओरडून. मोहाचा हंगाम होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडाखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन उजवीकडून रस्ता ओलांडायला निघाली. सावकाश, सरळ. मला ती दिसत होती. ती रस्त्याच्या मध्यावर आली तरी भाऊंचा पाय ब्रेककडे गेला नाही, आणि माझं तोंड उघडलं नाही. मागून दुसरीतली एक मुलगी किंचाळली, "भाऊ, बुढी!"

व्हॅन थांबली. म्हातारी आणि बंपर यांच्यात हातभर जागा होती. टोपली खाली पडली होती.

"डोये फुटले का रे बावा!" म्हातारी ओरडली. "एवढी मोठी बाई दिसत नाई तुले?"

"कुठून आली तू, बाई? आत्ता तं नव्हती!" भाऊ खाली उतरत म्हणाले.

"आभायातून आली! मोहाच्या झाडावरून टपकली!"

मुलं हसली. भाऊही हसले आणि रस्त्यावर बसून तिची फुलं गोळा करू लागले. "रागावू नको, माय. एक फूल सोडत नाई." समोरची सगळी वेचली त्यांनी, डावीकडची वेचली. टोपली तिच्या हातात देऊन उठू लागले. त्यांच्या उजव्या गुडघ्याला लागून फुलांचा ओंजळभर ढीग तसाच होता. मी उतरले, तो उचलला आणि टोपलीत टाकला. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग ढीग होता त्या जागेकडे, पूर्ण वळून. गाडीत बसल्यावर शाळेपर्यंत ते पुन्हा पुन्हा खांद्यासकट उजवीकडे वळत होते. अगदी हळू चालवत होते.

दुपारी ते आले ते ट्रक न मागता खाटेवर बसले. मी एक लाल एलईडी बटणाएवढ्या चपट्या सेलला लावला, चिमटीत धरला आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"समोर भिंतीकडे बघा, भाऊ. मान हलवू नका. लाल दिसला की सांगा."

डाव्या कानापासून हात पुढे आणला. लगेच म्हणाले, "दिसला." मग उजव्या कानापासून. कान गेला, गाल गेला. माझा हात जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आला.

"दिसला," ते म्हणाले. आवाज उतरला होता. हात किती पुढे आला हे त्यांना आता दिसत होतं.

त्यांनी दिवा माझ्याकडून घेतला आणि स्वतः करून बघितलं. एकदा डावीकडे. उजवीकडे तीन वेळा. दर वेळी आणखी सावकाश.

"सोल्डर कच्चं नव्हतं."

"नाही."

"तुले तवाच समजलं?"

"हो."

"किती दिस झाले?"

"अकरा."

ते दिव्याकडे बघत राहिले. "अकरा दिस," ते म्हणाले. मग, "सात लेकरं." त्यांनी सेलवरून दिव्याचे पाय सोडवले आणि दोन्ही वस्तू खाटेवर शेजारी शेजारी ठेवल्या. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, "चाल मायासोबत. आजच सांगून देऊ."

आम्ही पायी निघालो. पहिलं घर पोस्टाजवळचं. मुलीची आई उंबऱ्यात तांदूळ पाखडत होती. भाऊ उभ्यानेच बोलले.

"बाई, उद्यापासून पोरीले दुसरी गाडी पाह्य. मायी नजर गेली. उजवीकडचं दिसत नाई."

तिने सूप खाली ठेवलं. "काय म्हणता, भाऊ! कवापासून?"

"मले आज दुपारी समजलं. हिनं पाह्यलं. आज सकाळी हे गाडीत होती, तवा तिले शंका आली. घरी येऊन लगेच सांगितलं मले. एक घडी थांबली नाई."

त्या बाईने माझ्याकडे बघितलं. उठून माझा हात धरला. "देवानं पाठवली तुले, बाई."

मी तोंड उघडलं. भाऊ वळले होते, चालायला लागले होते.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच, शब्दही तेच. लगेच सांगितलं. एक घडी थांबली नाई. चौथ्या घरी मी म्हणाले, "काकू, खरं म्हणजे मी..." आणि भाऊ म्हणाले, "चाल, तीन घरं राह्यली." कुणी त्यांना पाणी दिलं, कुणी चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. एका घरात आजोबा रडायला लागले, ते भाऊंबरोबर लाकडाच्या ट्रकवर क्लीनर होते. भाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मेलो नाई अजून. गाडी बंद केली फक्त." सगळ्यांनी माझं कौतुक केलं. सातही घरांत मी मान खाली घालून उभी होते आणि लोकांना तो माझा लाजरेपणा वाटला.

परतताना मी त्यांच्या उजवीकडून चालत होते, म्हणजे त्यांना मी दिसत नव्हते. आमच्या फाटकाशी आल्यावर विचारलं.

"भाऊ, खोटं का सांगितलं?"

ते खांद्यासकट माझ्याकडे वळले.

"मी तं आता सिरोंच्याले जाईन पोरीकडं. तुले इथीच राहाचं आहे."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, उजवा डोळा गेलेलाच आहे, डाव्याचीही नाकाकडची बाजू गेली आहे, उरलेलं थेंबांवर टिकेल. व्हॅन विकली गेली. पंधरा दिवसांत लेक येऊन त्यांना घेऊन गेली. ट्रक त्यांनी मांडीवर ठेवून नेला. बसमधून त्यांनी हात केला तो मी उभी होते त्याच्या थोडा डावीकडे. मी दोन पावलं सरकले.

आता माझ्याकडे बारा मुली शिकवणीला येतात. त्यांतल्या तिघी भाऊंच्या व्हॅनमधल्या. त्यांच्या आया फी विचारत नाहीत, अभ्यास विचारत नाहीत. मुलगी तुमच्याकडे आहे म्हणजे काळजी नाही, म्हणतात. तुमचं लक्ष असतं. काही दिसलं तर तुम्ही लगेच सांगता.

मी हो म्हणते.